दंडातला उंदीर

पेंटर शिडीवरून पडला तेव्हा हातातला ब्रश सुटला नाही. हाड मोडलं, शिडी मोडली, खालच्या कुंडीचं तर नावच नको. ब्रश मात्र शाबूत. बायको हे येणाऱ्या-जाणाऱ्याला इतक्या अभिमानाने सांगायची, की भेटायला आलेल्याला आपण सत्काराला आलोय असं वाटावं.

वर जिमची पाटी अर्धी राहिली होती. इंग्रजीत मोठ्या अक्षरांत 'मसल' लिहायचं होतं. एम, यू, एस झाले आणि पेंटर खाली आला, शिडीच्याही आधी.

प्लास्टर निघालं तेव्हा आतून जो हात बाहेर आला, तो पेंटरला ओळखू येईना. "हा कुणाचा दिलाय?" त्याने डॉक्टरांना विचारलं. हात काडीसारखा झाला होता आणि कोपरात वाकायचं नाव घेत नव्हता. तिकडे जिमच्या मालकाचा, म्हणजे पैलवानाचा, निरोप आला होता: महिनाअखेरपर्यंत थांबतो, नाहीतर छापील फ्लेक्स लावून टाकतो.

पेंटरची झोप उडाली. जन्मात त्याने एकही शब्द अर्धा सोडला नव्हता. बोलताना सोडायचा, पण ते बायको मध्ये बोलायची म्हणून.

फिजिओ ताई घरी यायच्या. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याचा हात तळवा वर करून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "वाकवा."

"म्हटल्यावर वाकला असता, तर तुम्हाला कशाला त्रास दिला असता?"

"मसल म्हणजे काय, माहितीये तुम्हाला?"

"सहा अक्षरं. त्यातलं एक फुकटचं."

"छोटा उंदीर," ताई म्हणाल्या.

पेंटरने बायकोकडे बघितलं. बायकोने ओट्याखाली बघितलं.

"जुन्या लॅटिनमध्ये उंदराला 'मुस' म्हणायचे," ताई सांगू लागल्या. "दंड वाकवला की कातडीखाली काहीतरी सुळकन पळतं ना? ते बघून कुणीतरी म्हणालं, छोटा उंदीर आहे. तोच शब्द फिरत फिरत इंग्रजीत आला. आपला मूषकसुद्धा त्याच खानदानातला. आता तर इंग्रजीत जोर, वजन, भाड्याने आणलेले गुंड, सगळ्यालाच मसल म्हणतात."

"उंदराने नाव काढलं," बायको म्हणाली.

पेंटर मात्र आपला दंड न्याहाळू लागला. त्याचा धंदाच बघण्याचा. "काय नजर असेल हो त्या माणसाची," तो म्हणाला. "मी इतकी वर्षं हाच हात हलवतोय, मला नाही दिसला."

"आपल्यात पण बेटकुळी म्हणतातच की," बायकोला राहवेना. "दंडात बेडूक. एकदा काय तो प्राणी ठरवा, म्हणजे खायला काय घालायचं ते कळेल."

ताईंनी गंभीरपणे विचार केला. "सध्या उंदीरच ठेवू. बेडूक म्हटलं की उडी आली. उंदीर आधी नुसता कूस बदलतो. मला तेवढंच हवंय."

त्या दिवसापासून पेंटर डाव्या हाताची बोटं उजव्या दंडावर ठेवून बसू लागला, बिळाबाहेर मांजर बसतं तसा. घरात आवाज कमी झाला. बायको मिक्सर लावण्याआधी विचारायची, "झोपलाय का?"

"झोपलाय."

"मग लावते. उठला तर बरंच."

एका सकाळी मिक्सर चालू असतानाच पेंटर म्हणाला, "बंद कर." बायकोने बंद केला. "हलला." तिने ओला हात पदराला पुसला, बोट त्याच्या दंडावर ठेवलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.

"आहे," ती म्हणाली. मग घाईघाईने पाठ फिरवून मिक्सर पुन्हा लावला, कारण तिला नाक ओढायचं होतं.

पुढे हात वाकला, कपापर्यंत गेला, मग कप तोंडापर्यंत. पण खांद्याच्या वर जाताना थरथरायचा. महिना संपत आला, तसा पेंटर ताईंना म्हणाला, "राहू दे. लावू दे फ्लेक्स. अर्धा शब्द टांगून ठेवण्यात काय अर्थ आहे?"

"अर्धा कुठाय?" ताई म्हणाल्या. "मी रोज तिथूनच येते. तुम्ही एम, यू, एस लिहून पडलात. मुस. लॅटिनमध्ये उंदीर अख्खा झालाय. पुढची तीन अक्षरं म्हणजे नुसतं 'छोटासा'. तेवढंच राहिलंय."

पेंटर बराच वेळ दंड चोळत बसला. मग बायकोला म्हणाला, "शिडी कुणाची मिळेल?"

शिडी पैलवानाने दिली. वर पोचल्यावर पेंटरने डाव्या हाताने उजव्या कोपराला आधार दिला. सी थरथरत उतरला, एल सरळ आला, आणि ई लिहिताना हाताला काही आठवल्यासारखं झालं. शेवटची आडवी रेघ ओढून तो थांबला नाही. तिला एक बारीक, वळणदार शेपटी काढली.

"हे काय?" पैलवान खालून म्हणाला.

पेंटरने वरूनच सगळं सांगितलं. पैलवानाने हळूच आपला दंड फुगवला आणि त्याच्याकडे पहिल्यांदाच भेटल्यासारखं बघितलं.

"केवढा पोसलाय," बायको कौतुकाने म्हणाली. तिने शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. मग मान वर करून म्हणाली, "आमच्याला म्हणावं, उतर आता सावकाश."