सिद्धरामअप्पांचा वाकडा पटर

मित्रांनो, लातुरातल्या सिद्धरामअप्पांच्या डाळ मिलमध्ये कधी आलात, तर ऑफिसात वजनकाट्याच्या मागच्या भिंतीकडे बघा. तिथे खिळ्याला पितळी डोक्याची एक काठी टांगलेली दिसेल. तोच मी. मी एक जुना पटर आहे, म्हणजे गोल्फ खेळायची एक काठी. येणारा-जाणारा माझ्याकडे बोट दाखवून हमखास विचारतो, "हे काय हाय?" आणि घरातलं कुणीही असो, उत्तर एकच देतं, "ते होय? वाकडं हाय ते."

वाकडा! आणि मी! सांगतो ऐका, मी आजही वाकडा नाही आणि कधी नव्हतो. पण एक अट आहे. माझी गोष्ट ऐकून झाली की बाहेर कुणाला सांगायची नाही. का, ते तुम्हाला शेवटी कळेल.

गोल्फच्या खेळात चेंडू लांब उडवायच्या काठ्या वेगळ्या असतात. त्यांचा रुबाब मोठा. मी आपला शेवटच्या चार पावलांचा सोबती. चेंडू गवतावर भोकाजवळ आला की त्याला अलगद ढकलायचं, इतकंच माझं काम. ढकलणाऱ्याचा हात शांत असला तरच मी शोभतो.

माझा जन्म जालंधरच्या एका कारखान्यात झाला. तिथून हैदराबादच्या एका मैदानावर आलो. पहिल्या मालकाने मला दोन वर्षं वापरलं आणि मग विसरला. त्याच सुमारास लातूरचे एक तरुण व्यापारी तुरीच्या डाळीचे नमुने घेऊन त्या मैदानावर आले होते. गिऱ्हाईक खेळात गुंतलेलं, म्हणून ते बिचारे उन्हात ताटकळत उभे. कुणीतरी गमतीने मला त्यांच्या हातात दिलं. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला, वाकले आणि चेंडू सरळ भोकात घातला. सगळे "वा वा" म्हणाले. डाळीचा सौदा झाला की नाही मला आठवत नाही, पण संध्याकाळच्या एसटीत मी त्यांच्या मांडीवर होतो. तेच आमचे सिद्धरामअप्पा.

"हे कसलं दांडकं आणलंत?" शिवम्मांनी दारातच विचारलं. शिवम्मा म्हणजे अप्पांची बायको, जिभेने तिखट आणि हाताने मायाळू.

"खेळायचंय," अप्पा म्हणाले.

"ह्या वयात? आन् कुठं? तुरीच्या ढिगावर?"

बरोबर तिथेच! मिलच्या मागे डाळ वाळवायचं सिमेंटचं पटांगण होतं. अप्पांनी एका मंडपवाल्याकडून जुनी हिरवी मॅट आणून अंथरली आणि टोकाला सिमेंट फोडून शिवम्मांचं एक फुलपात्र जमिनीत बसवलं. आठवडाभर शिवम्मा फुलपात्र शोधत होत्या. सापडलं तेव्हा त्यांनी जो आवाज लावला तो हमालांनीही ऐकला. पण गंमत अशी की फुलपात्राचं तोंड खऱ्या भोकाहून लहान. त्यावर हात बसलेले अप्पा हैदराबादला गेले की म्हणत, "हितलं भोक म्हंजे इहीरच हाय की!"

त्या वर्षी खंडेनवमीला मिलमधला काटा, पाने-हातोडे, मोटार, सगळ्यांची पूजा झाली. अप्पांनी माझ्याही तोंडाला तीन बोटांनी विभूती लावली. पूजा झाल्यावर राहवेना, म्हणून तसाच एक चेंडू मारला. बघतात तर काय, विभूतीवर चेंडूचा गोल ठसा! चेंडू माझ्या तोंडावर नेमका कुठे लागला ते लख्ख दिसत होतं. त्या दिवसापासून नेमच झाला. सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा, मग पटांगणात येऊन माझ्या तोंडाला विभूती, मग तीन चेंडू. तिन्ही ठसे एकावर एक पडले की अप्पा म्हणत, "बराबर. आता मिल चालू करा."

वीस वर्षं ते ठसे एकावर एक पडले, मित्रांनो. माझ्या पितळेवर त्या जागी एक उजळ टिकली पडली आहे. देवघरातल्या समईबरोबर शिवम्मा मला चिंचेने घासत, पण तशी चमक चिंचेनेही आली नसती.

त्यांची लेक मंजुश्री माझ्याएवढी उंच झाली तेव्हापासून खेळायला लागली. बापलेकींचा सामना नऊ चेंडूंचा, आणि हरणाऱ्याने सगळ्यांना चहा करायचा. मंजुश्री शिकली, हैदराबादला नोकरीला लागली, पण महिन्याच्या शेवटच्या रविवारी यायची आणि चहा करायची. कारण अप्पा कधी हरलेच नाहीत.

मग एका सकाळी तीन ठसे तीन जागी पडले.

अप्पांनी मला पुसलं, पुन्हा विभूती लावली, पुन्हा मारलं. पुन्हा तेच. एक टोकाला, एक दांड्याकडच्या टाचेला, एक पार खाली. मला तेव्हाच कळलं. मूठ माझ्यावर आवळलेली असायची ना, तिच्यात आतून बारीक थरथर येत होती. उजव्या हाताचा अंगठा तर आपोआप हलत होता. घरात कुणाला ठाऊक होण्याआधी, डॉक्टरला ठाऊक होण्याआधी मला ठाऊक झालं. आणि मला तोंड असून बोलता येत नाही. त्या दिवसांइतका असहाय मी कधीच नव्हतो.

त्या महिन्यात अप्पा पहिल्यांदा हरले. नऊपैकी दोनच चेंडू फुलपात्रात गेले. मंजुश्री हसत म्हणाली, "अप्पा, आज चहा तुमच्याकडं!"

अप्पा हसले नाहीत. त्यांनी मला डोळ्यांसमोर आडवं धरलं. "हे वाकडं झालंय," ते म्हणाले. "मागं ह्याच्यावर तुरीचं पोतं पडलं होतं बग. मान वाकडी झाली ह्याची."

पोतं पडलं होतं हे खरं. पण ते माझ्या मुठीवर पडलं होतं आणि मला ओरखडाही आला नव्हता. तरी त्या दिवसापासून मी वाकडा ठरलो. मला रिकाम्या बारदानामागे उभं केलं. चिंच बंद झाली, विभूती बंद झाली, आणि पितळ काळं पडायला लागलं. मला राग आला होता, लपवत नाही. वीस वर्षांची चाकरी आणि हे फळ!

दसरा महिन्यावर आला होता. अप्पांनी मनावर घेतलं की दसऱ्याला लेकीला हरवायचंच, आणि त्यासाठी नवा पटर आणायचा. नांदेडला नरसिंगकाका होते. मूळचे देगलूरचे, हैदराबादच्या मैदानावर चाळीस वर्षं गोल्फच्या काठ्या दुरुस्त करत आलेले. म्हातारपणी नांदेडला येऊन त्यांनी खेळाच्या सामानाचं छोटं दुकान टाकलं होतं. कॅरमबोर्ड आणि बॅटींच्या मागे त्यांच्याकडे सात पटर होते. रजेवर आलेली मंजुश्री बरोबर निघाली, आणि लांबी जुळवायला म्हणून अप्पांनी मलाही सोबत घेतलं. माझ्या जागी येणाऱ्याचं माप माझ्यावरूनच घ्यायचं होतं.

नरसिंगकाकांनी दुकानाच्या बोळात गालिच्याची पट्टी अंथरली. अप्पांनी खिशातली विभूतीची पुडी काढली आणि सातही पटरांच्या तोंडाला लावली.

पहिला उचलला. "हे तर काडीवानी हलकं हाय." दुसऱ्याचं डोकं भलं मोठं. "ह्यानं काय कपड्याला इस्त्री करायची काय?" तिसरा आखूड, चौथा लांब. प्रत्येक पटराने तीन चेंडू मारायचे, ठसे बघायचे आणि भिंतीला टेकवून ठेवायचं. ठसे काही जुळेनात. मंजुश्री आधी हसत होती, मग चेंडू उचलून द्यायला लागली.

"नवं हाय ना," अप्पा म्हणाले, "हाताला बसायला येळ लागंल."

इतक्यात मिलमधून फोन आला आणि अप्पा बोलत बोलत बाहेर रस्त्यावर गेले.

मंजुश्रीने मला उचललं. माझ्या काळ्या तोंडाला विभूती लावली आणि तीन चेंडू मारले. तिन्ही ठसे एकावर एक, त्या उजळ टिकलीवर. नरसिंगकाकांनी मला हातात घेतलं, एक डोळा मिटून माझ्या मानेवरून नजर फिरवली, काउंटरच्या काचेवर गरागरा लोळवलं.

"पोरी, हे तर सरळ हाय. कणभर वाक न्हाई ह्याच्यात."

माझी छाती फुगली. मी सुटलो! वाटलं, आत्ता अप्पांना हाक मारावी आणि म्हणावं, बघा! पण मंजुश्री माझ्याकडे बघतच नव्हती. ती भिंतीकडे बघत होती. तिथे सात नवे कोरे पटर ओळीने उभे होते, आणि सातांच्या तोंडावर ठसे विखुरलेले होते. सातही कसे वाकडे असतील?

"काका," ती म्हणाली, "अप्पांचा हात हलतोय."

नरसिंगकाका हळूच म्हणाले, "मी पहिल्याच चेंडूला बगितलं, बाई. कसं बोलावं म्हून गप बसलो."

मी निर्दोष ठरलो होतो मित्रांनो, आणि त्या क्षणी मला वाटलं, देवा, मी खरंच वाकडा असतो तर किती बरं झालं असतं! माझी मान मोडली असती तरी चाललं असतं.

बाहेर अप्पांच्या चपला वाजल्या. मंजुश्रीने ओढणीच्या टोकाने माझं तोंड झटकन पुसून टाकलं.

"काय म्हनतोय नरसिंग?" अप्पांनी दारातूनच विचारलं. "वाकडं हाय का न्हाई?"

नरसिंगकाकांनी आयुष्यभर भल्याभल्या साहेबांना तोंडावर सांगितलं होतं की काठी बरी आहे, तुमचा हात चुकतोय. त्यांनी मंजुश्रीकडे बघितलं. मग मान खाली घालून म्हणाले, "हाव अप्पा. मानंत वाकडं हाय. दुरुस्त होन्यासारखं न्हाई."

"मी म्हनलं न्हवतं?" अप्पा लेकीकडे वळले. किती आनंद झाला होता त्यांना! इतक्या दिवसांचं ओझं उतरल्यासारखे ते हसले.

नरसिंगकाकांनी त्यांना सहावा पटर घ्यायला लावला. जड डोक्याचा, जाड मुठीचा. "आजकाल समदे हेच घेतेत," ते म्हणाले. खरं कारण मला माहीत आहे. जाड मूठ दोन्ही तळव्यांत भरून येते आणि थरथर कमी जाणवते.

परतताना मंजुश्री म्हणाली, "अप्पा, प्रवासानं तुमचा खांदा आखडतोय. एकदा दाखवून घेऊ." चार दिवसांनी ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. कंपवात निघाला. गोळ्या सुरू झाल्या. घरात त्यांना खांद्याच्या गोळ्या म्हणायचं ठरलं. अप्पांनी कधी विचारलं नाही की खांद्यासाठी दिवसातून तीनदा गोळ्या कशाला.

खंडेनवमी आली. सगळ्या अवजारांबरोबर नव्या पटराची पूजा मांडली. मी बारदानामागेच होतो. दुपारी सगळे जेवून आडवे झाले तेव्हा अप्पा एकटेच पटांगणात आले. नव्याला विभूती लावून तीन चेंडू मारले. ठसे पाहिले. मग बारदान बाजूला सारून त्यांनी मला बाहेर काढलं आणि माझ्याही तोंडाला तीन बोटं ओढली. बोटं थरथरत होती, त्यामुळे रेघा सरळ आल्या नाहीत. त्यांनी चेंडू मारले आणि दोघांची तोंडं शेजारी धरून बराच वेळ बघितली. दोन्हीवर ठसे सारखेच विखुरले होते.

ते मॅटवर बसले. मला मांडीवर घेतलं, त्या एसटीत घेतलं होतं तसंच.

"उगंच तुज्यावर आळ घेतला रे गड्या," ते म्हणाले. "तू तर नीटच हायस." आणि रडले. वीस वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. माझ्या मनात जो काही राग होता, तो तिथेच संपला.

मागून मंजुश्रीची चाहूल लागली. अप्पांनी सदऱ्याच्या टोकाने माझं तोंड झटकन पुसून टाकलं. अगदी तिने पुसलं होतं तसंच.

"काय करायलात अप्पा?"

"काय न्हाई. जुनं एकदा बगितलं." त्यांनी मला वर धरलं. "वाकडंच हाय की हे."

"हाव अप्पा," ती म्हणाली. "वाकडंच हाय."

दुसऱ्या दिवशी दसऱ्याचा सामना झाला. अप्पा हरले. "आज चहा माझ्याकडं," असं म्हणून ते स्वतः आत गेले. ट्रे घेऊन आले तेव्हा निम्मा चहा बशीत सांडलेला होता. शिवम्मा फडकं घ्यायला उठल्या. मंजुश्री बशीच तोंडाला लावून आईला म्हणाली, "अव्वा, चहा बशीतलाच गोड लागतो, न्हाई का?" मग सगळे बशीतून प्यायले.

त्याला आता तीन वर्षं झाली. मॅट गुंडाळून ठेवली आहे. नवा पटरही कपाटात गेला. अप्पांचा तळहात आता इष्टलिंग एकटा तोलू शकत नाही. पूजेच्या वेळी शिवम्मा आपला हात त्यांच्या हाताखाली धरतात. मंजुश्री महिन्याला येते आणि गोळ्या मोजून डब्यात भरते. बारदानामागून काढून मला भिंतीवर टांगलं ते अप्पांनीच सांगून. अजून ते येणाऱ्याला सांगतात, "लई चांगलं होतं, पर वाकडं झालं बगा." शेजारी मंजुश्री असली की मान हलवते. दोघांनाही खरं माहीत आहे, आणि दोघांनाही वाटतं की ते समोरच्याला माहीत नाही. दोघांमधलं ते झाकण म्हणजे मी.

मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी मोठं माणूस एक दिवस म्हणेल, हा पेन बिघडलाय, ही किल्ली कुलपाला बसत नाही, हे बटन मोठं झालंय. तेव्हा हसू नका, वाद घालू नका. पेन बदलून द्या हवं तर, पण आधी त्यांच्या हाताकडे बघा. तो हात आपल्या हातात घ्या.

आणि कधी लातूरला आलात आणि अप्पांनी तुम्हाला माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं की हे वाकडं आहे, तर माझी बाजू घेऊ नका. हो म्हणा. मी वाकडाच आहे.