दार सात फुटांचं

किशनराव पार बुचकळ्यात पडले होते. तारनाक्याच्या फ्लॅटमध्ये त्यांच्या मुलीनं, गीतानं, जेवणाच्या टेबलावर नव्या घराचा नकाशा पसरला होता. मुलगी आर्किटेक्ट, पण जागा बापाच्या नावावर. शहराबाहेर, शंकरपल्लीच्या पुढे, खडकांची आणि सीताफळांची. त्यांनी सही केली की काम सुरू. आणि भिंती कशाच्या, तर मातीच्या!

"बाबा, जागेवरचीच माती. एसी लागत नाही, एक खडक फोडायचा नाही. फ्यूचर आहे हे, सच्ची!"

"हौ, मग सारवायचं कोण? मी तर नक्को," स्वयंपाकघरातून सखूबाईंनी बजावलं.

"सारवावं नाही लागत, आई."

किशनरावांना काही सुधरेना. नांदेडकडच्या गावात, गावकुसाबाहेर, मातीच्याच घरात ते जन्मले. रेल्वेत लागले तेव्हा आईला शब्द दिला होता, तुला स्लॅबच्या घरात नेईन. आई वाट पाहून गेली. आता जागा आहे, ऐपत आहे, आणि स्लॅबचं नाव काढलं की पोरगी हसते. शिकून शहाणी झालेली माणसं मातीकडे चालली, मग आपण एवढी वर्षं पळालो कशापासून?

रविवारी गीतानं त्यांना जागेवर नेलं. नमुन्याची एक भिंत उभी होती, दाराच्या चौकटीसकट. किशनरावांनी तिच्यावरून तळवा फिरवला. गार, गुळगुळीत. फार बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला. तसेच ते दारातून आत गेले.

गीता हसली. "बाबा, वाकताय कशाला? सात फूट आहे ते!"

किशनराव जागीच थबकले. वर बघितलं. डोक्यावर हातभर जागा मोकळी होती.

फ्लॅटच्या दारात ते कधी वाकले नव्हते. पण मातीची भिंत दिसली आणि मान आपोआप खाली गेली. गावच्या त्या घराचं दार बुटकं होतं, आई रोज ओरडायची, "किशन, मान खाली घे!" घरात वाकायचं, बाहेर पडलं की गावासमोर वाकायचं.

ते बाहेर आले. शर्ट नीट केला. मान ताठ ठेवून, सावकाश, पुन्हा आत गेले. डोळे भरून आले होते.

"आजीला चाललं असतं का गं, हे घर?"

"काय माहीत, बाबा."

त्यांनाही माहीत नव्हतं. नकाशा त्याच भिंतीवर टेकवून त्यांनी सही केली आणि म्हणाले, "दार मात्र एवढंच ठेव. एक इंचही कमी नको."