आईसालीवरचा घाव

आमच्या वाल्फ्रेस्का तालुक्यात आता बूच आणि म्हातारी माणसं एवढंच उरलं आहे. आधी गहू होता, त्याने टेकड्यांची माती खाल्ली. मग लोकरीची गिरणी आली, तीही बंद पडली आणि तरणी माणसं फ्रान्सला गेली. राहिले ते पालिकेच्या मालकीचे बुचाचे ओक; त्यांची जाड साल म्हणजेच बूच. त्यांच्या जिवावर वृद्धाश्रम चालतो, दवाखान्याची गाडी फिरते. एकदा बूच उतरवलं की झाडाला नऊ वर्षं हात लावायचा नाही.

या झाडांवर मी बेचाळीस वर्षं कुऱ्हाड चालवली. कुऱ्हाडीने बुचात शिरावं आणि आतल्या पातळ सालीपाशी थांबावं. त्या सालीला आम्ही आईच म्हणतो. तिला घाव बसला की तिथे पुन्हा धड बूच धरत नाही. आणि बसलाच, तर ज्याचा त्याने दुपारच्या जेवणाला टोपी काढून सगळ्यांपुढे सांगायचं, ही आमची रीत. मला ती टोपी कधी काढावी लागली नव्हती. तालुक्याच्या सनदेला पाचशे वर्षं झाली तेव्हा पालिकेने इतिहासाचं पुस्तक काढलं. त्यात राजाच्या सनदेनंतर दोनच पानांनी माझा फोटो आहे. खाली छापलंय : ‘आमांदियू. यांची कुऱ्हाड आईला कधी लागली नाही.’

यंदा जूनमध्ये माझा हात थरथरू लागला. एका झाडाला दोघं लागतात. माझ्या जोडीला फेलिस्मिना होती. टोळीत कुऱ्हाड धरणारी ती पहिली बाई, आणि शिकवली मीच. ती झाडाच्या पलीकडच्या अंगाला असताना माझी कुऱ्हाड खोल गेली. पात्याला आईची ओल लागली. त्या दुपारी पाव आणि ऑलिव्ह खाताना माझी टोपी डोक्यावरच राहिली. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

आठवड्याने पालिकेचा माणूस पाहणीला आला. दोन झाडांवरचे घाव त्याने दाखवले.

“जोडी कुणाची?” मुकादम कुस्तोदियूने विचारलं.

“आमांदियूकाका आणि फेलिस्मिना,” टोळीतल्या एकाने सांगितलं.

“मग विचारायचं काय त्यात!” कुणीतरी हसलं. “पावाचं पीठ मळायचे हात तिचे. पुस्तकातला हात थोडाच चुकतो!”

फेलिस्मिनाने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचं मडकं तोंडाला लावलं. तहान नव्हती.

मुकादमाने तिची कुऱ्हाड काढून घेतली आणि तिला बुचाच्या फळ्या वाहायला लावलं.

संत पेद्रूचा सण आला. आमचे पाद्री लिबानियूबाबा प्रवचन करता करता गाऊ लागतात. त्यांच्या त्या सुरासाठी मी ताप अंगात घेऊनही देवळात गेलेलो आहे. त्या दिवशी त्यांनी पेद्रू या शिष्याने भीतीपोटी प्रभूची ओळख नाकारली तो प्रसंग गायला. ‘मी नाही ओळखत त्याला’ ही ओळ त्यांनी तीनदा आळवली. बाया डोळे पुसत होत्या. मला मात्र वर बघवेना.

प्रार्थना संपल्यावर मी त्यांना गाठून सगळं सांगितलं.

“बाबा, देव क्षमा करील ना?”

“देवाचं माझ्यावर सोड,” ते म्हणाले. “पण कुऱ्हाड काय देवाची काढून घेतलीये, आमांदियू?”

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे सावलीत बसले तेव्हा मी उभा राहिलो आणि टोपी काढली. डोक्याला वारा लागला.

“ते घाव माझे आहेत. फेलिस्मिनाचे नाहीत.”

मुकादम घास हातात धरून म्हणाला, “काका, पोरीला वाचवायला बोलताय होय?”

“नाही रे बाबा. माझेच. दोन्ही.”

कुणी हसलं नाही. मला वाटलं, संपलं. छातीवरचा दगड उतरला म्हणून मी खाली बसायला लागलो.

“तीन,” फेलिस्मिना म्हणाली. ती पावाचा तुकडा मोडत होती, वर न बघता. “ओढ्याच्या अंगाला तिसरं झाड आहे. त्याला माती लिंपून ठेवलीये.”

मी ती माती स्वतःच्या बोटांनी लिंपली होती.

“तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस गं?” मी विचारलं.

“कुणी ऐकलं असतं, काका?”

मुकादम उठला, त्याने हात झटकले. “चला. दाखवा.”

जेवण तसंच टाकून सगळे उठले. ओढ्यापर्यंतची वाट उघड्या डोक्याने मी पुढे चाललो, आणि टोळी माझ्यामागे.