शेवटचं प्रकरण नसलेलं पुस्तक

मी पुस्तक बोलतोय. हात लावून बघायला जाऊ नका, मला ना पानं आहेत ना पुठ्ठा. मी फोनमध्ये राहतो. सध्या मुक्काम बिश्केकला, मेएरिम नावाच्या एका नर्सच्या फोनमध्ये. एका बाजूला तिच्या भाचीच्या वाढदिवसाचे फोटो, दुसऱ्या बाजूला गाजराच्या कोशिंबिरीची कृती. शेजार बरा आहे. पण मी इथे चोरवाटेने आलोय, आणि आज इथला माझा शेवटचा दिवस दिसतोय. म्हणून सांगून टाकतो.

माझी आई जिपारा. काराकोल ते बिश्केक वडाप चालवते. नवरा रशियात बांधकामावर, घरी सासू आणि दोन मुलं. प्रवासी मागे बसून आपापली रडगाणी गातात आणि ही गाडी चालवता चालवता कान देऊन ऐकते. तळ्याकाठचा रस्ता लांब, ऐकायला वेळच वेळ.

माझा जन्म स्टँडवरच झाला. गाडी भरेपर्यंत जिपारा फोन स्टिअरिंगला टेकवायची आणि अंगठ्याने मला लिहायची. सीटा भरल्या की वाक्य अर्धवट टाकून निघायची. त्यामुळे माझी काही वाक्यं काराकोलला सुरू होतात आणि बिश्केकला संपतात.

माझी गोष्ट सायकाल नावाच्या बाईची. तीही ड्रायव्हर. सगळ्यांची धुणीभांडी, दुखणीखुपणी, सासूचे टोमणे, सगळं हसत निभावणारी. एक दिवस सगळे प्रवासी उतरल्यावर घराकडे जाणारं वळण येतं, आणि ती वळतच नाही. सरळ पुढे जाते. त्यापुढे आणखी एक प्रकरण आहे. ते लक्षात ठेवा.

जिपाराने मला नेटवर विकायला ठेवलं. किंमत म्हणाल तर एक प्लेट लागमान शेवयांची. मी विकला गेलो की तिचा फोन टिंग करायचा. सासू म्हणायची, "घ्या! आणखी एकीला खाज सुटली." पण टिंग वाजली नाही की तीच विचारायची, "काय गं, आज कुणी मेलं नाही का वाचायला?"

त्या टिंगांच्या भरवशावर जिपाराने ठरवलं होतं, की येत्या हिवाळ्यात गाडी उभी करायची आणि दुसरं पुस्तक लिहायचं.

मग मला पाय फुटले. एका बाईने मला रीतसर विकत घेतलं, वाचलं, उशी भिजेपर्यंत रडली आणि प्रेमाच्या भरात, नक्कल होऊ नये म्हणून घातलेलं माझं कुलूप तोडून मला मैत्रिणींच्या गटात टाकलं. "बायांनो, जरूर वाचा, फुकट आहे!" तिच्या मनात तिळमात्र वाईट नव्हतं. पण कुलूप तोडताना माझं शेवटचं प्रकरण गळून पडलं. कुणाच्या ध्यानातही आलं नाही, कारण आधीचं प्रकरण संपल्यासारखंच संपतं.

एका फोनातून दुसऱ्यात असा मी ओशला गेलो, नारिनला गेलो, मॉस्कोत भांडी घासणाऱ्या आपल्या बायकांपर्यंत पोचलो. माणसांची एक गंमत सांगू? विकत घेतलेलं पुस्तक माणूस जेवण थंड करून वाचतो. फुकट मिळालेलं "सवडीने वाचू" म्हणून ठेवून देतो, आणि ती सवड काही येत नाही. कितीतरी फोनांत मी न उघडता पडून आहे. पण ज्या वाचतात त्या जीव ओतून वाचतात, हेही खरं.

जिपाराच्या फोनवरची टिंग मात्र थांबली. तिला आधी वाटलं फोन बिघडला. तिने तो झटकून पाहिला, सासूने त्यावर दोनदा फुंकर मारली. मग हिवाळा आला तशी तिने बर्फावर घसरू नये म्हणून चाकांना खिळे मारून घेतले आणि गाडी बाहेर काढली. दुसरं पुस्तक अर्ध्यावर राहिलं.

आता सप्टेंबरातली गोष्ट. मेएरिम मैत्रिणीच्या लग्नाहून परतत होती. काराकोलला वडापमध्ये बसली. पुढच्या सीटवर एसेन नावाचे एक म्हातारे, सगळे त्यांना मानाने आक्साकाल म्हणत, मागच्या बाकावर एक नवराबायको. मेएरिमने मला उघडलं आणि खुदकन हसली.

"एजे," ती ड्रायव्हरताईला म्हणाली, "हे वाचलंत का? तुमच्यासारख्याच बाईची गोष्ट आहे. वाचून दाखवू?"

"दाखव की," ड्रायव्हर म्हणाली.

तो आवाज मी ओळखला. आईचा आवाज कोण विसरतं?

मेएरिम मोठ्याने वाचू लागली. सायकालची सासू ब्रेक समजून रेडिओचं बटण दाबते त्या जागी आक्साकाल खोकला लागेपर्यंत हसले. मागची बायको नवऱ्याला कोपराने ढोसत होती, "ऐक, ऐक, अगदी तुझी आई!" अशी वाचत, गाळत, हसत मेएरिम शेवटच्या पानावर आली. सायकाल वळली नाही, सरळ गेली.

"झालं. संपलं," मेएरिम म्हणाली.

"संपलं?" आक्साकाल उसळले. "आणि पोरं? आणि ती म्हातारी? निर्लज्ज बाई! लिहिणारीसुद्धा तसलीच असणार."

"नवरा तिकडे राब राब राबतोय आणि ही निघाली भटकायला," मागून बायको म्हणाली.

"आमच्या गटात यावरून दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्यात," मेएरिम म्हणाली. "मलासुद्धा राग येतो हो. पोरांना टाकून जायला नको होतं तिने."

बालिकचीजवळ धुरावलेले मासे विकणाऱ्या बायका रस्त्याकडेला बसतात. तिथे जिपाराने कचकन ब्रेक मारला.

"ती परत येते," ती म्हणाली.

"कोण?"

"सायकाल. पुढे एक प्रकरण आहे."

"नाही हो एजे, मी दोनदा वाचलंय."

"तू दोनदा वाचलंस. मी एकदाच लिहिलंय."

मेएरिमने मला मुखपृष्ठावर आणलं, नाव वाचलं, मग समोर काचेपाशी लावलेल्या परवान्यावरचं नाव वाचलं. आक्साकालांनी तेच परत एकदा वाचायला लावलं.

"पोरी," ते म्हणाले, "मी आत्ता जे बोललो…"

"ते तुम्ही शेपूट तुटलेल्या पुस्तकाला बोललात, आक्साकाल. मला नाही."

"पण एजे," मेएरिम रडवेली झाली, "आम्ही तर तुमचं नाव केलं! मॉस्कोपर्यंत बायका वाचतायत."

"वाचतायत ना. आणि मी गाडी चालवतेय. दुसरं पुस्तक गेल्या हिवाळ्यापासून तसंच पडलंय. बूमच्या घाटात बर्फावर चाकं सरकतात ना, तेव्हा वाक्य सुचत नाही बाई. फक्त देव सुचतो."

"मग शेवट काय तो तोंडी तरी सांगा," मागचा नवरा म्हणाला.

"सासूवर हसलात ते फुकट हसलात," जिपारा म्हणाली. "शेवट फुकट नाही."

आक्साकाल खाली उतरले. सगळ्यात मोठा मासा निवडून आणला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

"आमच्या बापजाद्यांनी गोष्ट सांगणाऱ्याला अंगावर मानाचा झगा, चापान, घातल्याशिवाय दारातून जाऊ दिलं नाही," ते म्हणाले. "चापान घरी आहे. तूर्त मासा घे."

जिपारा हसली. घाटभर गाडीत माशाचा वास. बिश्केकला सगळे उतरले, मेएरिम मागे रेंगाळली.

"एजे, पूर्ण पुस्तक कुठे मिळेल?"

"होतं तिथेच. दुकान उघडं आहे, गिऱ्हाईकच नाही."

मेएरिमने घरी येऊन पैसे भरले आणि माझा धडधाकट भाऊ माझ्या शेजारी येऊन बसला. चहाच्या वेळी तिने शेवटचं प्रकरण स्वतःच्या आईला वाचून दाखवलं, आणि मी माझाच शेवट पहिल्यांदा ऐकला.

सायकाल तळ्याच्या पार पलीकडच्या काठावर जाते. एक खरबूज घेते, दगडावर फोडते आणि अख्खं एकटी खाते. कुणी फोड मागत नाही, कुणासाठी बिया काढाव्या लागत नाहीत, कुणाची बाही पुसावी लागत नाही. मग ती तळ्यात हात धुते आणि संध्याकाळी घरी येते. सासू म्हणते, "आज लवकर आलीस." कुणाला काही कळलेलंच नसतं.

मेएरिमच्या आईने वाटी खाली ठेवली. "आधी ऐकलं तेव्हा मी त्या सायकालला केवढ्या शिव्या घातल्या होत्या," ती म्हणाली. मग म्हणाली, "उद्या बाजारातून एक खरबूज आण."

"केवढं आणू?"

"एकटीला पुरेल एवढं."

मेएरिमने सगळी हकिगत गटात लिहिली. काहींनी मुकाट्याने पैसे भरले. एक म्हणाली, "एका प्रकरणासाठी एवढं? तू फोटो काढून टाक ना!" त्या दोघी, बोलेनाशा झालेल्या, या फोटोवालीला झापण्यासाठी एकत्र आल्या. काल जिपाराचा निरोप आला, की टिंग पूर्वीसारखी नाही, पण वाजते. ऐन बर्फाचे दोन महिने गाडी उभी ठेवता येईल असं दिसतंय. बाकीचा हिवाळा देवाच्या हवाली.

माझ्यासारखे तुटके कितीतरी भाऊ अजून फिरतायत. एखादा तुमच्याकडेही असेल. त्याच्यावर रागावू नका, त्याने काही केलं नाही. फक्त एकदा त्याच्या आईचं नाव वाचा आणि ती सध्या काय करते ते विचारा.

मेएरिमचा अंगठा माझ्यावर येऊन थांबलाय. "पुसून टाकायचं का?" फोन विचारतोय. पोरगी घुटमळतेय. तिने मला जिथे जिथे हसून खुणा केल्यात, त्याही जातील ना.

अगं, विचार कसला करतेस? दाब.