पंगत उठवणारी तबकडी

माझ्या गाण्यांची नवी कॅसेट निघणार नाही, हे कळलं तो श्रीरामपूरच्या बाजाराचा दिवस होता.

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. माझ्यावर इंग्रजी रॉक गाणी आहेत. मुंबईच्या चौघांनी ती १९७० साली गायली आणि कंपनीने गरम साच्यात दाबून मला घडवलं. त्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून तरी कंपनी त्या गाण्यांची नवी कॅसेट काढेल, अशी माझे मालक भीमराज यांना आशा होती. दर बाजाराला ते दुकानात विचारत.

"न्हाई यायची, भीमराजभाऊ," दुकानदार म्हणाला. "कंपनी म्हनती, घेनार कोन? मूळ टेप ओलीनं खराब झाली. तिकडं कुनी बघितलंसुदिक न्हाई."

मला विकत घेतलं होतं सत्यशीलाबाईंनी, भीमराजांच्या पत्नीने. दोघं मिळून लग्नांत लाऊडस्पीकर लावत. मी पहिल्यांदा वाजले तेव्हा गिटार अशी गुरगुरली, की भोंगा फाटला समजून भीमराज बांबूवर चढले.

"उतरा खाली!" बाई ओरडल्या. "भोंगा धड हाय. गानंच तसलं हाय!"

सगळा मांडव हसला.

पुढे मला कामच मिळालं. जेवण होऊनही पंगत गप्पा मारत बसली आणि मागची माणसं ताटकळली, की बाई मला लावत. ड्रम सुरू झाले, की लोक भराभर हात धुवायला उठत. पार राहाता गावापर्यंत माझं नाव झालं.

मग बाई गेल्या. भीमराजांनी मला त्यांच्या साडीत गुंडाळून पेटीत ठेवलं. माझ्यावर वायरींचं ओझं पडलं. मी वाजले नाही.

बाजारातून आल्यावर त्यांनी पेटी उघडली. "ही घासली, तर तुझ्या आईची गानी संपली," ते मुलीला म्हणाले.

"आन पेटीत ठिवून कुनाला ऐकू येत्यात, आबा?" रश्मी म्हणाली. "आपनच कॅसेट करू."

घरी वीज टिकत नव्हती. लग्नात जनरेटर असे. म्हणून राहात्याच्या एका लग्नात रश्मीने टेप जोडला आणि भीमराजांनी माझ्यावर सुई ठेवली. मधेच अडकेन, अशी मला भीती वाटत होती. पण मी अडकले नाही. भोंग्यातून गिटार गर्जली.

"आरं भीमराज, भात तरी खाऊ दे!" पंगतीतून नवरीचे गोरक्षमामा ओरडले.

"बसा मामा, निवांत जेवा! आज कुनाला उठवायचं न्हाई. नुसतं ऐका!"

पण बसतंय कोण? मामा उष्ट्या हाताने नाचायला उठले. पाठोपाठ वाढपी, करवल्या, शेवटी नवरा-नवरीही. मी एका बाजूच्या शेवटच्या गाण्यापर्यंत वाजले. कॅसेटवर गाण्यांबरोबर शिट्ट्याही उतरल्या. आता त्या कॅसेटच्या प्रती गावोगावच्या टेम्पोंत वाजतात.

मित्रांनो, घरात जुनी तबकडी असेल तर धूळ पुसा, तिच्यावर ओझं ठेवू नका आणि तिला वाजवत राहा. कंपनीने अजून काहीच काढलेलं नाही. माझी दुसरी बाजू कॅसेटवर घ्यायची राहिली आहे.