अंगावरचं दूध

"ती बाई सोता कवा बाळंत झालीया का?" सहाणेवर मुरुडशेंग उगाळता उगाळता शिवगंगानं विचारलं.

"कोण बाई?" ईरप्पांनी उगाच विचारलं.

"तीच की, तुमची दवाखान्यातली. गुटी नगो म्हणणारी. माझी चार पोरं गुटीवर वाढली. एक तरी वाळलं का?"

 जयसिंगपुरातल्या वाचनालयात ईरप्पांनी तेहेतीस वर्षं पुस्तकं देण्याघेण्याचं काम केलं होतं. बायकोला द्यायचं उत्तर मात्र त्यांना नेहमी दुसऱ्या दिवशी सुचायचं.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात ते लेकीला, शिवलीलेला, आणायला गेले, तेव्हा जावयानं त्यांच्या हातात दवाखान्याची फाईल ठेवली. "आप्पा, माझ्याकडनंच गेलंय तिला," एवढंच बोलून सोमेश परसात निघून गेला. दोघांनाही एचआयव्ही होता. येताना एसटीत लेक म्हणाली, "अव्वाला सांगू नगा. ती माझं ताट येगळं करायची न्हाई, पर रडत गल्लीभर सांगत सुटंल." शिवगंगाला कळू द्यायचं नाही, असा ईरप्पांनी शब्द दिला.

मग दर पंधरवड्याला ते तिला कोल्हापूरला नेत. तिनं एक गोळी चुकवली नाही. कळा सुरू होताच घ्यायची गोळीही तिनं वेळेत घेतली. बाळाला औषधाचे थेंब मिळाले. मुलगी पावणेतीन किलोची झाली. दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी निघताना पुन्हा बजावलं, "सहा महिने फक्त अंगावरचं दूध. पाणी नको, मध नको, गुटी नको. वरचं काही मिसळलं तर बाळाला धोका वाढतो. दीड वर्षानं तपासणी करू, तेव्हाच पक्कं कळेल."

आज पाचवा दिवस. रीतीप्रमाणे बाळाच्या गळ्यात इष्टलिंग बांधायला जंगम अय्या यायचे होते. ईरप्पा चप्पल घालून गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. अय्या दिसताच ते पुढं झाले.

"अय्या, एक इनंती हाय. बाळाला सहा महिने अंगावरच्या दुधाबिगर काय द्यायचं न्हाई, असं तुम्हीच घरात सांगा."

"का ओ?"

ईरप्पा वाकून त्यांच्या पाया पडले. अय्यांनी त्यांच्याकडं क्षणभर पाहिलं. "बरं. सांगतो," ते म्हणाले.

आणि त्यांनी सांगितलं. लिंग बांधून झाल्यावर, भस्म लावता लावता, सहज सांगावं तसं. शिवगंगानं हात जोडले.

"अय्या म्हणत्यात म्हंजे झालं."

तिनं उगाळलेली गुटी मोरीत ओतली. ईरप्पा भिंतीला टेकून बसले. किती दिवसांनी त्यांना भूक लागल्यासारखं वाटलं.

अय्या गेल्यावर शिवगंगा त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाली, "तरी बरं, दवाखान्यात रोज मध चाटवलाय म्या. शिवलीला झोपली की चाटवायची. न्हाईतर दोघा बापलेकींनी मिळून तेबी करू दिलं नसतंसा."

ईरप्पांनी तांब्याला हात लावला नाही. "किती?"

"काय किती? बोटभर. मध काय मोजत्यात व्हय?" ती हसत आत गेली.

बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं जायची रीत नव्हती. ते उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. शिवलीलेनं सगळं ऐकलं होतं. तिनं वर पाहिलं नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळून ती बाळाचे कोरडे ओठ पुसत होती. पुन्हा पुन्हा, अगदी हलक्या हातानं, लेकरू जागं होऊ नये म्हणून.