पाहुण्यांसाठी धुतलेली नळी

कटंगीचे पाहुणे चंपाबाईच्या लेकीला, आम्रपालीला, बघायला आले, तेव्हा मुलाच्या आईने नाकावरचा पदर काढलाच नाही. पोहे तसेच राहिले आणि पुढे निरोपही आला नाही. चंपाबाईने तेव्हाच मनाशी खूणगाठ बांधली, पुढच्या पाहुण्यांना घरात वास येता कामा नये.

वास होता तिच्या नवऱ्याच्या, डोमाजीच्या लघवीच्या नळीचा. तिरोडीच्या खाणीत पाठीचा कणा मोडल्यापासून त्याला छातीखालचं काही कळत नसे. नळी कायमची, पिशवी खाटेला अडकवलेली. नळीत आपल्या मनाने काही सोडायचं नाही, असं दवाखान्यात निक्षून सांगितलं होतं, आणि चंपाबाई ते पाळतही आली होती. एवढ्या वर्षांत तिने त्याच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही. पण लेकीचं लग्न म्हटलं की भल्याभल्यांची अक्कल चरायला जाते. तुमसरचे पाहुणे यायच्या सकाळी तिने जखमा धुवायचं जंतुनाशक, थेंबभर पाणी न घालता, मोठ्या सिरिंजने नळीतून आत सोडलं.

"काहून वं, आज हे काय?" डोमाजीने विचारलं.

"साफ करून राह्यली. जंतू मरतीन."

पाहुणे आले, हसले, बशा चाटूनपुसून साफ केल्या. डोमाजीचा चेहरा मात्र लालबुंद झाला आणि कपाळावरून घाम गळू लागला. आम्रपालीने विचारलं तर म्हणाला, "गर्मी हाय." पाहुणे गेल्यावर चंपाबाईने पिशवीवर झाकलेला टॉवेल उचलला. पिशवीत रक्त होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा तेच विचारलं, "नळीत काही टाकलं का?"

"नाही जी," चंपाबाई म्हणाली.

मग मूतखडा असेल का, गोंदियाला न्यावं लागेल का, अशी बोलणी सुरू झाली. डोमाजी डोकं धरून कण्हत होता. त्याला सगळं ठाऊक होतं, तरी तो बायकोची लाज राखून गप्प राहिला. ते गप्प राहणं चंपाबाईला सोसवेना.

"टाकलं जी. जखमेचं औषध. निव्वळ, पाणी न घालता."

बाईंनी त्याला उठवून बसवलं, सलाईनच्या पाण्याने मूत्राशय धुतलं, नळी बदलली. "आतलं अस्तर भाजलंय, पण भरून येईल. त्यांना आग कळत नाही ना, म्हणून रक्तदाब चढतो, घाम फुटतो, डोकं दुखतं. हे जिवावरही बेततं. कशाला टाकलंत?"

"जंतू होऊ नये म्हून."

बाईंचा आवाज मऊ झाला. "काळजीपोटी करतात लोक असं. पुन्हा नका करू."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. चंपाबाईने मान खाली घातली. काळजी होती, पण त्याची नव्हती.

बाई गेल्यावर डोमाजी हळूच बोलला, "पोरीचं जमलं तं चांगलंच. नाही जमलं, तं पुढच्या खेपेले मले शेजारच्या प्रेमलालच्या घरी नेऊन ठेवजो. मलेही वास येते, चंपा. नाक तं चालू हाय माह्यं."

चंपाबाईने पदराने त्याचं कपाळ पुसलं. त्याला शेजारी ठेवायचं तिच्याही मनात आलं होतं. पाहुणे पोरीच्या बापाला विचारतील, एवढ्याच भीतीने तिने तसं केलं नव्हतं.